वाचकांचे प्रश्न : काचेवर मांडलेले बीजाणू

गेल्या अंकात जिवंत पेशींच्या साह्याने पाणी, दूध आणि अन्न तपासणाऱ्या संवेदकांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली निद्रिस्त रूपे, काचेच्या पट्टीवर ठरावीक आकृतीत बसवून असे संवेदक तयार करता येतात, असा उल्लेख त्यात एका वाक्यात येऊन गेला होता. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली बहुतेक पत्रे नेमकी त्या वाक्याविषयीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे बीजाणू निद्रिस्त असतात आणि त्यांच्यात चयापचय जवळजवळ थांबलेला असतो, असे आम्ही शिकलो. जी पेशी काहीच करत नाही, तिला संवेदक म्हणून का निवडायचे? वाढणारे जिवाणू अधिक सोयीचे नाहीत का?
— सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, कॉलेज रोड

उत्तर : निद्रा हाच येथे गुण आहे. वाढणाऱ्या जिवाणूंवर आधारलेला संवेदक प्रयोगशाळेत उत्तम चालतो. अडचणी सुरू होतात त्या तो बाहेर नेल्यावर. पेशींना सतत अन्न लागते, त्या वाढत राहिल्यामुळे त्यांची संख्या रोज वेगळी असते, आणि थंड जागा मिळाली नाही तर काही दिवसांतच त्यांचा प्रतिसाद बदलतो किंवा बंद पडतो. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या विहिरीचे पाणी तपासायचे असेल आणि तेथपर्यंत शीतपेटी पोहोचवण्याची सोय नसेल, तर असा संवेदक उपयोगाचा नाही. बीजाणूला अन्न लागत नाही, फ्रिज लागत नाही, आणि दीर्घकाळ कोरड्या अवस्थेत पडून राहिल्यानंतरही योग्य संकेत मिळताच तो काही मिनिटांत जागा होऊ लागतो.

हा टणकपणा येतो कोठून, हे पाहून घेतले पाहिजे, कारण पुढे पृष्ठभागावर बीजाणू बसवताना हीच रचना हाताशी येते. १८७६ मध्ये फर्डिनांड कोहन यांनी बॅसिलस सबटिलिसमध्ये आणि रॉबर्ट कॉख यांनी काळपुळीच्या जिवाणूमध्ये बीजाणू कसे तयार होतात आणि त्यांतून पुन्हा वाढणारी पेशी कशी निघते, याचे वर्णन केले. उपासमार सुरू झाली की ही पेशी स्वतःच्या आत एक लहान पेशी तयार करते, तिच्याभोवती थर चढवत जाते आणि शेवटी स्वतः फुटून तिला मोकळी करते. तयार झालेला बीजाणू जेमतेम एक ते दीड मायक्रोमीटर लांब असतो. वाढत्या पेशीत सुमारे ८० टक्के पाणी असते, तर बीजाणूच्या गाभ्यात ते २५ ते ५० टक्क्यांपर्यंत उतरलेले असते. त्याच्या कोरड्या वजनाचा ५ ते १५ टक्के भाग कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांच्या संयुगाचा असतो, आणि डीएनएला लहान आकाराची खास प्रथिने बिलगून त्याचे रक्षण करतात. गाभ्याबाहेर पेप्टिडोग्लायकनचा, म्हणजे जिवाणूंच्या पेशीभित्तिकेतील जाळीदार पदार्थाचा, जाड थर आणि त्याहीबाहेर ७० हून अधिक प्रकारच्या प्रथिनांचे कवच असते.

बीजाणू काहीच करत नाही, हे आपले विधान मात्र मला पूर्ण मान्य नाही. त्याच्या आतल्या पटलात ग्राही प्रथिने बसलेली असतात आणि ती बाहेरच्या परिस्थितीची नोंद घेत असतात. एल-ॲलानाइन हे अमिनो आम्ल, किंवा ॲस्पारजिन, ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि पोटॅशियम यांचे मिश्रण त्यांच्यापर्यंत पोहोचले की डायपिकोलिनिक आम्ल बाहेर पडते, गाभ्यात पाणी शिरते, विकरे पेप्टिडोग्लायकनचा थर विरघळवतात आणि पेशी पुन्हा कामाला लागते. म्हणजे संवेदनाची पहिली पायरी निसर्गाने आधीच तयार करून ठेवलेली आहे.

यावर जनुकीय बदलांची जोड देता येते. केंटकी विद्यापीठातील सिल्व्हिया डॉनर्ट यांच्या गटाने २००७ मध्ये आर्सेनिक ओळखणाऱ्या बॅसिलस सबटिलिसचे आणि जस्त ओळखणाऱ्या बॅसिलस मेगाटेरियमचे बीजाणू तयार केले, आणि सामान्य तापमानाला काही महिने ठेवल्यानंतरही ते जागे होऊन पूर्वीसारखे काम करतात हे दाखवले. आर्सेनिकच्या बाबतीत युक्ती अशी की एक नियंत्रक प्रथिन एरवी विशिष्ट जनुकाला अडवून धरते. आर्सेनिक त्या प्रथिनाला चिकटले की अडथळा दूर होतो आणि पेशी एक विकर तयार करते, ज्याच्या क्रियेमुळे प्रकाश किंवा रंग दिसतो. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, आणि असे संवेदक उपयुक्त ठरायचे तर त्यांनी या पातळीच्या आसपास विश्वासाने बोलले पाहिजे.

प्रश्न : बीजाणू इतके टिकाऊ असतील तर त्यांचा एक थेंब काचेवर टाकून वाळवला की काम भागायला हवे. ते ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या आकृतीत मांडण्याचा खटाटोप कशासाठी करतात, आणि एवढ्या सूक्ष्म वस्तू नेमक्या जागी बसवतात तरी कशा?
— अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक, नाशिक रोड

उत्तर : या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण संवेदकाची विश्वासार्हता बऱ्याच अंशी येथेच ठरते आणि तरीही जनुकीय भागाच्या तुलनेत या भागाविषयी फार कमी लिहिले जाते.

थेंब वाळवण्यापासून सुरुवात करू. वाळणाऱ्या थेंबाची कड काचेला धरून राहते आणि तेथील पाणी सर्वांत वेगाने उडून जाते. ती तूट भरून काढण्यासाठी आतील द्रव सतत कडेकडे वाहतो आणि जाताना त्यातील कण बरोबर नेतो. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये हे नेमके स्पष्ट केले. परिणामी बीजाणूंची एक दाट कड तयार होते आणि मधला भाग विरळ राहतो. दाट कडेवर बीजाणू एकावर एक चढलेले असतात, खालच्यांपर्यंत पोषक द्रव्य उशिरा पोहोचते, आणि नमुन्याचे पाणी सोडताच सैल असलेले बीजाणू वाहून जातात. अशा डागातून निघालेला प्रकाश नमुन्यातील पदार्थामुळे कमी-जास्त झाला की बीजाणूंच्या संख्येमुळे, हे सांगता येत नाही.

आकृतीत मांडणी केली की ही संदिग्धता बरीच कमी होते. प्रत्येक ठिपक्यात बीजाणूंची संख्या जवळपास सारखी ठेवता येते. एका ठिपक्यात आर्सेनिक ओळखणारे, शेजारच्यात जस्त ओळखणारे आणि तिसऱ्यात कोणताही बदल न केलेले बीजाणू बसवले, तर कोणता ठिपका उजळला यावरूनच उत्तर मिळते; प्रत्येकासाठी वेगळा रंग शोधावा लागत नाही. आणखी एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. एकाच बाटलीतील बीजाणू एकाच वेळी जागे होत नाहीत: काही मिनिटांत उठतात, काहींना तास लागतात, आणि काही अतिनिद्रिस्त बीजाणू नेहमीच्या संकेतांना दादच देत नाहीत. त्यामुळे एकेका बीजाणूवर स्वतंत्र नजर ठेवून शंभरातले किती उठले हे मोजणे हे एकत्रित उजेड मोजण्यापेक्षा पुष्कळ वेळा अधिक खात्रीचे ठरते, आणि त्यासाठी ते एकमेकांपासून सुटे, ठरावीक अंतरावर असावे लागतात.

आता मांडण्याच्या रीती. सर्वांत परिचित रीत सूक्ष्म शिक्क्याची आहे. हार्वर्डमधील जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेत १९९३ च्या सुमारास ती विकसित झाली. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साह्याने अतिशय बारीक उंचसखल आकृती कोरतात, तिच्यावर पॉलिडायमिथिलसिलॉक्सेन हे मऊ, पारदर्शक सिलिकॉन रबर ओतून घट्ट करतात आणि सोलून काढतात. सरकारी कचेरीतील रबरी शिक्का जसा उंच भागावरचीच शाई कागदावर उतरवतो, तसा हा शिक्का उंच भागावरचे रेणू पृष्ठभागावर उतरवतो. सुरुवातीला त्याने सोन्याच्या पातळ थरावर गंधकयुक्त रेणूंचा एकेरी थर छापला जात असे; पुढे प्रथिनेही छापली जाऊ लागली.

बीजाणूंसाठी या शिक्क्याने सहसा चिकटवणारा रेणू छापतात. बीजाणूचे कवच साधारण उदासीन सामूवर ऋणभारित असते, म्हणून धनभारित पॉलिलायसिनचे ठिपके त्यांना धरून ठेवतात. अधिक नेमकेपणा हवा असेल तर कवचातील प्रथिनांना ओळखणारी प्रतिपिंडे छापतात. राहिलेली मोकळी जागा पॉलिइथिलीन ग्लायकॉलने किंवा बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातील प्रथिनाने झाकून टाकतात, जेणेकरून तेथे काहीही चिकटू नये. मग बीजाणू मिसळलेले पाणी वर पसरून काही वेळ थांबतात आणि धुतात. धुणे हा दुय्यम टप्पा समजू नये. कमी धुतले तर मोकळ्या जागेतही बीजाणू राहतात, जोराने धुतले तर ठिपके विस्कटतात, आणि पट्टी वाळताना मागे सरकणारी पाण्याची कड चांगले बसलेले बीजाणूही ओढून त्यांचे पुंजके करते.

याशिवाय ॲगरोज जेलच्या ओल्या शिक्क्याने जिवाणू थेट छापण्याची रीत २००५ मध्ये व्हाइटसाइड्स यांच्याच गटाने दाखवली. इंकजेट छपाई, बीजाणू मावतील एवढ्या सूक्ष्म खळग्या आणि विद्युत क्षेत्राने कण ओढून घेण्याची पद्धत हेही मार्ग आहेत. इंकजेटमध्ये बीजाणू तळाशी बसून तोटी तुंबण्याची काळजी घ्यावी लागते. बाकी, वाळणे, दाब आणि मद्यार्क यांना वाढत्या पेशी बळी पडतात आणि बीजाणू पडत नाहीत, म्हणून पेशींवर कधी करता आली नसती अशी कामे बीजाणूंवर करता येतात. बीजाणूच्या कवचालाच चिकटण्याची सोय लावून देणे हाही उपाय आहे: कवचातील कॉटबी या प्रथिनाला दुसरे प्रथिन जोडून ते बीजाणूच्या पृष्ठभागावर मिरवता येते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले.

परंतु आपण अभियंते आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. शिक्का, प्रतिपिंड, खळगी यांची निवड करण्यापूर्वी जागे होण्याच्या कोणत्या टप्प्यावर आपण वाचन करणार आहोत, हे ठरवले पाहिजे. अंकुरण सुरू होताच डायपिकोलिनिक आम्ल बाहेर पडते. टर्बियम या मूलद्रव्याच्या आयनांबरोबर ते अतिनील प्रकाशात हिरवे चमकते. त्याच सुमारास फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारा बीजाणू काळसर दिसू लागतो. वाचन येथे होणार असेल, तर कवच पृष्ठभागाला घट्ट चिकटवलेले असणे पुरेसे आहे. पण वाचन नंतरच्या टप्प्यावर, म्हणजे पेशीने नवे विकर तयार केल्यावर होणार असेल, तर घोटाळा होतो, कारण वाढणारी पेशी कवच फोडून बाहेर येते. आपण धरून ठेवलेले असते ते कवच. पेशी निघून जाते, भरपूर पोषण मिळाल्यास दर २० ते ३० मिनिटांनी दुभागते, आणि आखलेली आकृती काही तासांत पुसली जाते. अशा वेळी खळग्या, वरून जेलचा पातळ थर किंवा छिद्रयुक्त पटल यांची गरज असते. छायाचित्रात सुबक दिसणाऱ्या पुष्कळ आकृत्या बीजाणू झोपलेले असतानाच्या असतात. जागे झाल्यानंतरचे छायाचित्र मागितल्याशिवाय पद्धतीची योग्यता ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आम्ही भुरीसाठी द्राक्षावर बॅसिलस सबटिलिस फवारतो. हाच तो जिवाणू का? आणि निर्यातीपूर्वी मालातील औषधांचा अंश बागेतच कळेल, अशी पट्टी यातून तयार होऊ शकेल का? २०१० चा फटका आम्ही विसरलेलो नाही.
— द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : प्रजाती तीच आहे, वाण वेगळा. आपल्या पुडीतील किंवा बाटलीतील जिवाणू दुकानात महिनोन्‌महिने टिकतो तोही बीजाणूंच्या रूपात असल्यामुळेच. फवारल्यानंतर पानावर ओलावा आणि पोषण मिळाले की तो जागा होतो, आणि जागा झालेली पेशी तांब्यापुढे बीजाणूइतका टिकाव धरत नाही. तांबेयुक्त औषधांबरोबर तो मिसळू नये असा सल्ला सहसा दिला जातो, त्यामागे हे कारण आहे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला मोकळेपणाने नकारार्थी द्यावे लागते. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षे क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशामुळे नाकारली, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसिन किंवा सीसीसी म्हणतात त्याच्यामुळे. हे द्रव्य वेलीतील जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखून शेंड्याची वाढ आटोक्यात ठेवते. बॅसिलस सबटिलिसचे जीवन जिबरेलिनवर चालत नाही, त्यामुळे क्लोरमेक्वॅट समोर आले तरी त्याला त्याची दखल घेण्याचे कारण नाही. बुरशीनाशकांपैकी अनेकांचीही हीच गोष्ट आहे: ती बुरशीच्या पेशीतील ज्या जागेवर घाव घालतात, ती जागाच जिवाणूत नसते. शिवाय युरोपात ज्या कीडनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागू होते. इतक्या सूक्ष्म प्रमाणाचा कायदेशीर निर्णय द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन करणाऱ्या प्रयोगशाळेनेच द्यावा. कोणी उद्या ‘जिवाणूंची पट्टी’ दाखवून सर्व औषधांचा अंश कळतो असे सांगू लागला, तर कोणते द्रव्य, जिवाणूतील कोणते प्रथिन ते ओळखते आणि किती प्रमाणापर्यंत, हे तीन प्रश्न त्याला अवश्य विचारावेत.

तरीही द्राक्षबागेत या तंत्राला एक काम आहे असे मला वाटते. वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) फवारलेल्या बागांच्या मातीत तांबे साचत जाते. बॅसिलस सबटिलिसमध्ये तांबे ओळखणारे सीएसओआर नावाचे नियंत्रक प्रथिन मुळातच असते. तांबे वाढले की ते बाजूला होते आणि तांबे बाहेर फेकणारी यंत्रणा सुरू होते. या प्रथिनाच्या मागे रंग देणारे जनुक जोडले, तर मातीच्या अर्कात जिवाणूंना खरोखर उपलब्ध असलेले तांबे किती हे कळू शकते. रासायनिक पृथक्करणात मातीला घट्ट बांधलेले तांबेही मोजले जाते, त्यामुळे ही माहिती वेगळी आणि पूरक आहे.

प्रश्न : आमच्या संकलन केंद्रावर दुधातील प्रतिजैविके तपासण्यासाठी जांभळ्या जेलची नळी वापरतात. तिच्यातही बीजाणू असतात असे ऐकले. खरे आहे का?
— दूध संकलन केंद्रातील कर्मचारी, सिन्नर

उत्तर : खरे आहे, आणि बीजाणूंवर चालणाऱ्या संवेदकाचे जगभर सर्वाधिक वापरले जाणारे उदाहरण कदाचित आपल्या हातातच आहे. डेल्व्होटेस्ट या प्रकारच्या नळीत ॲगरमध्ये जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णताप्रिय जिवाणूचे बीजाणू, त्यांचे अन्न आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दर्शक असतो. दूध घालून नळी ६४ अंश सेल्सिअसला सुमारे तीन तास ठेवली की बीजाणू जागे होतात, वाढतात, आम्ल तयार करतात आणि जांभळा रंग पिवळा होतो. कासदाहावर उपचार घेत असलेल्या गाईचे दूध मिसळले गेले असेल, तर प्रतिजैविक त्यांची वाढ रोखते आणि रंग जांभळाच राहतो. बेंझिलपेनिसिलिनसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे, यावरून या जिवाणूची संवेदनशीलता किती उपयोगाची आहे ते लक्षात येईल. कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनेही बीजाणूंवर आधारित चाचण्या विकसित केल्या आहेत.

येथे बीजाणू आकृतीत मांडलेले नाहीत, ते जेलभर विखुरलेले आहेत, आणि म्हणूनच नळी ‘काहीतरी रोखणारे आहे’ एवढेच सांगते. कोणते प्रतिजैविक, ते सांगू शकत नाही. निरनिराळ्या प्रतिजैविकांना प्रतिकार करणारे बीजाणू शेजारी शेजारी ठिपक्यांत बसवले आणि त्यांतील कोण उठले, कोण अडले याचा नकाशा पाहिला, तर गटाचा अंदाज बांधता येईल. संकलन केंद्रावर दूध घ्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी मात्र सध्याची नळी पुरेशी आहे.

प्रश्न : बीजाणू म्हटले की अमेरिकेत पत्रांतून पाठवलेली पावडर आठवते. अशा पट्ट्या घरात, शाळेत, नदीकाठी वापरणे सुरक्षित आहे का? २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडाचे पाणी यांनी तपासता येईल का?
— निवृत्त शिक्षिका, पंचवटी

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून पाठवलेले बीजाणू बॅसिलस ॲन्थ्रॅसिसचे होते आणि त्यामुळे पाच जणांचा मृत्यू झाला. आपल्याकडे शेतकरी ज्या रोगाला काळपुळी किंवा फाशी म्हणतात, त्याचाच हा जिवाणू. येथे चर्चा आहे ती बॅसिलस सबटिलिसची. तो मातीत आणि गवतावर सर्वत्र आढळतो, आणि जपानमध्ये त्याच्याच एका वाणाने आंबवलेले सोयाबीन, म्हणजे नाट्टो, लोक रोजच्या जेवणात खातात. जीव वेगळा आहे, रोग निर्माण करण्याची सामग्री त्याच्याजवळ नाही.

तथापि जनुके बदललेला जिवाणू कितीही निरुपद्रवी असला तरी तो नदीत सोडून देणे योग्य नाही, आणि भारतात यावर जनुके बदललेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार नियंत्रण आहे. बीजाणू उकळत्या पाण्याने खात्रीने मरत नाहीत. त्यासाठी १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ १५ ते २० मिनिटे लागते, म्हणून वापरलेल्या पट्ट्या परत गोळा करून नष्ट करण्याची व्यवस्था हा संवेदकाचाच भाग मानला पाहिजे. पृष्ठभागावर घट्ट बसवणे येथे दुहेरी उपयोगाचे आहे, कारण सुटा बीजाणू नमुन्याबरोबर वाहून जातो आणि बसलेला पट्टीवरच राहतो. हार्वर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये वस्तूंचा उगम ओळखण्यासाठी डीएनएची खूण असलेले बीजाणू पृष्ठभागांवर टाकले, तेव्हा ते पुन्हा अंकुरणारच नाहीत असे बदल त्यांत आधी केलेले होते. संवेदकाला हा मार्ग घेता येत नाही, कारण त्याचे काम जागे होण्यावरच अवलंबून आहे. पण बाहेरून विशिष्ट अमिनो आम्ल दिल्याशिवाय वाढणार नाही असा वाण निवडता येतो.

रामकुंडाबाबत माझी शंका आरोग्याची नसून अचूकतेची आहे. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात अमिनो आम्ले आणि शर्करा आधीच असतात. बीजाणू त्यांनीच जागे होतील आणि आपण शोधत असलेला जिवाणू नसतानाही पट्टी उजळेल. बोरिस रॉटमन यांच्या गटाने सुचवलेल्या पद्धतीत शोधायच्या जिवाणूचे विकर बीजाणूंच्या आसपास एल-ॲलानाइन मोकळे करते आणि त्यामुळे बीजाणू उठतात. ही कल्पना फार सुंदर आहे, पण स्वच्छ नमुन्यासाठी. नदीच्या पाण्यावर ती वापरायची तर त्या पट्टीवर ॲलानाइन ओळखू न शकणाऱ्या बीजाणूंचे ठिपके आणि ज्यातून ॲलानाइन मोकळे होते ते पूरक द्रव्य न दिलेले ठिपके शेजारी असलेच पाहिजेत, म्हणजे फरक वाचता येईल. तोपर्यंत मलजन्य जिवाणूंसाठी प्रचलित संवर्धन पद्धती एक-दोन दिवस घेत असली, तरी तिच्यावरच विसंबावे.

प्रश्न : बीजाणूंची मांडणी रसायने ओळखण्याव्यतिरिक्त कशाला उपयोगी पडते का?
— कारखान्यातील तंत्रज्ञ, अंबड

उत्तर : पडते, आणि तेथे बीजाणू जागे होण्याचीही गरज नसते. हवेतील आर्द्रता वाढली की बीजाणू फुगतो आणि कोरड्या हवेत आकुंचन पावतो. कोलंबिया विद्यापीठातील ओझगुर साहिन यांच्या गटाने २०१५ मध्ये पातळ प्लास्टिक पट्टीच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने बीजाणूंचे पट्टे लावले. कोरड्या हवेत पट्टी नागमोडी वाकते आणि दमट हवेत सरळ होऊन लांब होते. या हालचालीवर त्यांनी लहान यंत्रे चालवून दाखवली. पट्टे एकाच बाजूला लावले असते तर पट्टी फक्त गुंडाळली गेली असती. हालचाल कशी होणार हे तेथे पूर्णपणे मांडणीवर ठरते.

प्रश्न : पदव्युत्तर प्रकल्पासाठी, महागडी उपकरणे नसताना, यातील काही करून पाहता येईल का?
— विद्यार्थी, पंचवटी आणि कॉलेज रोड

उत्तर : येईल. मातीतून स्वतः वेगळा केलेला जिवाणू घेऊ नये. मातीत बॅसिलस सिरियससारखे उपद्रवी नातेवाईकही असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सूक्ष्मजीव संग्रहातून बॅसिलस सबटिलिसचा नोंदणीकृत वाण महाविद्यालयामार्फत मागवावा. मँगॅनीजयुक्त माध्यमात तो काही दिवस वाढवून, गार निर्जंतुक पाण्याने वारंवार धुऊन, ८० अंशांवर १० मिनिटे ठेवला की वाढत्या पेशी मरतात आणि बीजाणू राहतात. मॅलकाइट ग्रीन वाफेवर आणि नंतर सॅफ्रानिन अशी रंगप्रक्रिया केल्यास बीजाणू हिरवे आणि पेशी गुलाबी दिसतात. त्यावरून शुद्धता तपासावी.

मग एक साधी काचपट्टी आणि एक पॉलिलायसिन लावलेली काचपट्टी घ्यावी. दुसरी तयार मिळते. दोन्हींवर सारखेच बीजाणू सोडून अर्धा तास थांबावे, सारख्याच रीतीने धुवावे आणि फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली समान क्षेत्रफळातील बीजाणू मोजावेत. त्यानंतर ७० अंशांवर अर्धा तास तापवून, थंड करून, १० मिलिमोलर एल-ॲलानाइनचे द्रावण वर सोडावे आणि दर पाच मिनिटांनी किती बीजाणू काळसर झाले याची नोंद ठेवावी. पॉलिलायसिनमुळे बीजाणू जास्त टिकले, पण उठण्याचे प्रमाण घटले का, हा या प्रकल्पाचा खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी दोन्ही पट्ट्यांवरची टक्केवारी, एकूण संख्या नव्हे, शेजारी शेजारी मांडावी. नोंदी संपल्यावर पट्ट्या, पिपेटची टोके आणि धुण्याचे पाणी, सर्व काही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, जाईल याची खात्री करावी.